बाईंना दाखव

खरं सांगा, ज्या माणसाचा तुम्ही आयुष्यात सगळ्यांत जास्त हेवा केलात, त्याला ते कधी तोंडावर सांगितलंत का? मी कित्येक वर्षं नाही सांगितलं. सहा वर्षं हेवा केला आणि त्या सहा वर्षांत बाईंच्या घरी जाऊन त्यांनी दाखवलेल्या स्टुलावर बसत राहिले, त्यांनी दिलेला चहा पीत राहिले, आणि प्रत्येक वेळी जिना उतरताना मनातल्या मनात त्यांचं एखादं व्यंग मोजत राहिले.

बाई म्हणजे स्वारगेटच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या टंकलेखिका. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं मराठी पत्रं टाइप केली होती. मग कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला, सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत गेला आणि मराठी टंकलेखिकेला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कुणाची, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं. ते पत्रही बाईंनीच टाइप केलं. साहेबांच्या मसुद्यात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून त्यांनी आपल्याच नोकरीचा शेवट सहीसाठी आत नेऊन ठेवला. ही गोष्ट माझे बाबा कौतुकानं सांगायचे. मला संताप यायचा. मी असते तर ते पत्र फाडून साहेबांच्या टेबलावर टाकलं असतं. "टाकलं असतंस," बाबा म्हणायचे, "आणि साहेबांनी शिपायाला केर काढायला लावला असता."

बाबा महापालिकेच्या पाणी खात्यात होते आणि उरलेल्या वेळात कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. आमच्या घरात खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. पाठकोऱ्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. एका बाजूला 'जाहीर निषेध', दुसऱ्या बाजूला माझा वाकडातिकडा ग. 'निषेध' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता येऊ लागला. मोठेपणी आपण दुसरं काही व्हायचं असतं, हे मला कधी सुचलंच नाही. मला पत्रक लिहायचं होतं, आणि ते बाबांनी वाचून "बरोबर आहे" म्हणायला हवं होतं. एवढंच.

पण माझा प्रत्येक कागद हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, तो डोळ्यांजवळ नेऊन वाचून झाल्यावर बाबा एकच म्हणायचे, "बाईंना दाखव."

निबंध लिहिला, बाईंना दाखव. वस्तीतल्या नळाबद्दल निवेदन लिहिलं, बाईंना दाखव. कॉलेजच्या भित्तिपत्रकात माझा लेख लागला तेव्हा मी मुद्दाम तो उतरवून, टाचण्यांच्या भोकांसकट घरी आणला. "छापून आलेलं काय दाखवायचं आता!" मी म्हणाले. बाबा म्हणाले, "तरी दाखव. पुढच्या वेळी उपयोग होईल."

आता या बाई लेखिका असत्या तर मी समजून घेतलं असतं. त्या लिहीत नव्हत्या, संघटनेची पत्रकं घरी टाइप करून द्यायच्या. मजकुराबद्दल त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. बाहेरच्या खोलीत संगणक, त्याच्यावर उशीच्या अभ्र्याचं झाकण, शेजारी लोखंडी स्टूल. पाहुण्याचं तोंड भिंतीकडे येईल अशा बेतानं ते ठेवलेलं. काम चालू असताना कुणी पडद्याकडे पाहिलेलं त्यांना चालत नसे. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं घड्याळजीचं भिंग. आणि समोर कुणीही असो, शेंबडं पोर असो, पोस्टमन असो, खिडकीतली मांजर असो, त्याला 'आपण'. मांजरीला मी स्वतः ऐकलं आहे: "आपण आता खाली उतरावं."

प्रूफ त्या उलटं वाचायच्या. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, बोट ठेवून. मी एकदा विचारलं, असं का. म्हणाल्या, "सरळ वाचलं की अर्थ लागतो. अर्थ लागला की चूक दिसत नाही."

"पण मग मजकूर कसा वाटला ते कसं कळणार?"

"दुसऱ्या ओळीत दोन जागा जास्त सुटल्यात."

"जागा नाही हो बाई, मजकूर."

"मजकूर आपला. जागा माझ्या."

हे असं. मी क्रांतीवर चार पानं लिहून न्यायचे आणि बाई त्यातल्या मोकळ्या जागा मोजायच्या. तरी संघटनेतली सगळी मोठी माणसं, रस्त्यावर पोलिसांना न घाबरणारी माणसं, त्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून मुकाट बसायची. मला काय खात होतं ते कळलं ना? मी बोलले की लोक ऐकायचे. बाई गप्प बसल्या की लोक विश्वास ठेवायचे.

बाईंनी लेझर प्रिंटर घ्यायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. तोवर त्या फ्लॉपी घेऊन बाहेरच्या दुकानात जायच्या, प्रिंट काढून आणायच्या आणि दर वेळी त्यात काहीतरी खटकून परत जायच्या. निवृत्तीच्या पैशातून त्या घरीच प्रिंटर आणणार होत्या. मी तेव्हा संगणकाचा डिप्लोमा करत होते. बाबा म्हणाले, "तू जा त्यांच्याबरोबर. तुला कळतं त्यातलं." हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस जपून वापरलं.

मी तयारीनिशी गेले. मासिकं चाळून एक तक्ता केला होता. डावीकडे प्रिंटरची नावं, वर रकाने: मिनिटाला पानं किती, मेमरी किती, टोनर किती चालतो, कागदाचा ट्रे केवढा. पट्टीनं रेघा मारून, दोन रंगांत. शिवाय टिळक रस्त्यानं चालताना बाईंना एक छोटं भाषणही दिलं, की हे सगळे प्रिंटर बहुराष्ट्रीय कंपन्यांचे आहेत आणि आपल्या पत्रकांतून आपण ज्यांच्याविरुद्ध बोलतो त्यांच्याच यंत्रावर ती पत्रकं काढणं हा एक प्रश्न आहे.

बाई म्हणाल्या, "स्वदेशी लेझर दाखवा, आत्ता घेते."

मी विषय तक्त्याकडे वळवला.

पहिल्या दुकानातला विक्रेता टाय घातलेला, तरतरीत. "मॅडम, हा बघा. मिनिटाला बारा पेजेस! होम ऑफिससाठी एकदम बेस्ट."

"चिरंजीव," बाई म्हणाल्या, "मला मिनिटाला एकच पान हवंय. वाचता येणारं."

त्यानं बटण दाबून कंपनीचं नमुन्याचं पान काढलं. इंग्रजी मजकूर, एक आलेख, एका फुलाचं चित्र. काळंभोर, सुरेख. बाईंनी ते भिंगाखाली न धरताच परत दिलं.

"चांगलं नाहीये का मॅडम?"

"छान आहे की. इंग्रजी आहे ते. इंग्रजीच्या डोक्यावर असतं काय? आमच्याकडे अक्षरावर रेघ, रेघेवर मात्रा, मात्रेच्या कडेला अनुस्वार. एवढं ओझं झेपेल का याला?"

मग त्यांनी पर्समधून फ्लॉपी काढली. तिच्यात त्यांचं स्वतःचं एक पान होतं, औषधाच्या बाटलीवर असतो तेवढ्या बारीक टायपातलं. त्यावर शब्दांच्या जोड्या होत्या. चिंता आणि चिता. नंदी आणि नदी. दऱ्या आणि दर्या. आचाऱ्यांना आणि आचार्यांना. विक्रेत्याच्या संगणकात मराठी फॉन्ट नव्हता. तोही त्यांनी दुसऱ्या फ्लॉपीत आणला होता. पान निघालं. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या.

"याची चिंता गेली," त्या म्हणाल्या. "चिताच राहिली."

मी पाहिलं. वेलांटीत अनुस्वाराचा ठिपका मिसळून गेला होता. विक्रेता म्हणाला, "मॅडम, एवढं बारीक कोण बघतं?"

"ज्याच्या घरी पत्र जातं तो."

तसं आम्ही तीन शनिवार फिरलो, कारण रविवारी दुकानं बंद. निघालेल्या प्रत्येक कागदाची त्या चौघडी करायच्या, नखानं घडी दाबायच्या, उलगडून घडीवरची शाई तडकली का ते बघायच्या. पत्रक माणूस फाइलमध्ये ठेवत नाही, खिशात ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. मग ओल्या अंगठ्यानं घासायचं. मग पर्समधून पत्रकांचा पातळ गुलाबी कागद काढून यंत्रात घालायला लावायचा. दोन दुकानांत तो आत अडकला. एका मालकानं हात जोडले. "मॅडम, तुम्ही झेरॉक्सच काढा ना."

आणि माझा तक्ता? पहिल्या शनिवारीच मी तो त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी तो नीट पाहिला, अगदी रकान्यांसकट. मग उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर टिपणं करायला लागल्या. "पाठ कोरी आहे," म्हणाल्या. माझ्या दोन रंगांतल्या रेघा टेबलाकडे तोंड करून पडल्या होत्या.

त्यांनी शेवटी घेतला तो प्रिंटर माझ्या तक्त्यात सगळ्यांत खाली होता. मिनिटाला चार पानं, जाडजूड, कंपनीनं बनवायचा बंद केलेला, दुकानाच्या कोपऱ्यात राहून गेलेला. पण त्याच्या पानावर चिंता होती, तिचा ठिपका वेलांटीपासून वेगळा उभा होता, आणि गुलाबी कागद त्यानं सुरकुती न पाडता बाहेर दिला. रिक्षात तो मांडीवर धरून बसलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. मला ते सहन झालं नाही. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय गं, कुठला घेतला?" मी म्हणाले, "चुकीचा."

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आचाऱ्यांचं प्रकरण झालं. हिंजवडीच्या रस्त्यावर एक नवी संगणक कंपनी आली होती. तिच्या कॅन्टीनच्या ठेकेदारानं एका सोमवारी सगळ्या आचाऱ्यांना गेटवरच थांबवलं. आता जेवण डब्यांत बंद होऊन बाहेरून येणार होतं. बरेचसे आचारी नागपूर-भंडाऱ्याकडचे. गेटसमोरच्या झाडाखाली ते बसून राहिले. संघटनेनं पत्रक काढायचं ठरवलं आणि बाबा म्हणाले, "हे तू लिही. खाली नावही तुझंच घाल."

मी लिहिलं. आणि ठरवलं, हे बाईंना दाखवायचं नाही. एका मैत्रिणीच्या ऑफिसात मराठी फॉन्ट होता आणि माझ्या तक्त्यात पहिल्या नंबरवर असलेला प्रिंटर होता. मी स्वतः टाइप केलं. 'आचाऱ्यांचा' मधला तो आडवा र कुठल्या कळीवर असतो ते मला माहीत नव्हतं. शोधलं, सापडला नाही. म्हटलं, कळेल लोकांना. मी तिथून निघाले तेव्हा गठ्ठा अजून गरम होता, आणि त्यावर ठळक मथळा होता: 'भांडवलशाहीच्या स्वयंपाकघरातील आचार्यांचा आक्रोश!'

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पत्रकं वाटली. गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या एका मुलानं ते वाचलं आणि मित्राला दाखवलं. "अरे, आपल्या कॅन्टीनमध्ये आचार्य होते? पोळ्या लाटायला पीएच.डी. लागते की काय?" ते हसले. मग त्यांच्या मागचे हसले. चांगल्या घरची, वाईट नसलेली मुलं. विनोदच होता तो. वाचायला म्हणून घेतलेलं पत्रक ती आता हसायला म्हणून एकमेकांना देत होती.

ते मला सोसलं असतं. पण झाडाखालचे म्हातारे मुख्य आचारी उठून आले. पत्रक दोन्ही हातांत धरून त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे आमचंच आहे ना जी?"

मी उरलेला गठ्ठा परत घेतला आणि बाबांना न सांगता बाईंकडे गेले. स्टुलावर बसले. म्हणाले, "एक शब्द दुरुस्त करायचाय फक्त."

बाईंनी पत्रक उलटं वाचलं. मग, माझ्यादेखत, सरळ वाचलं. तसं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ही माणसं अजून बसलीत तिथे?"

"हो."

"दुपारी या."

दुपारी गेले तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एकावर माझा सगळा मजकूर, जसाच्या तसा, आचारी दुरुस्त केलेले. दुसऱ्यावर वर तीन ओळी आणि खाली तीन मागण्या.

काल जेवलात?
आम्ही शिजवलं होतं.
आज आम्ही गेटबाहेर आहोत.

मी म्हणाले, "हे माझं नाही."

"नाही. आजवर कुणाच्या मजकुराला हात लावला नाही. आज लावला. मला एक पत्र टाइप करून आत नेऊन द्यावं लागलं होतं, तेव्हा गेटबाहेर माझ्यासाठी कुणी काही लिहिलं नव्हतं." त्यांनी माझा कागद पुढे सरकवला. "हे नको असेल तर आपलं न्या. तेही तयार आहे."

"आणि खाली नाव?"

"पत्रक आपलं. नाव आपलं." एवढं बोलून त्या आतल्या खोलीत कुकर लावायला गेल्या.

मी कोणता कागद उचलला ते तुम्हाला कळलंच असेल. माझं तत्त्व होतं, की माणसानं दुसऱ्याच्या श्रमावर आपलं नाव लावू नये. त्यावर मी दोन पत्रकंही लिहिली होती.

बाईंचं पत्रक संध्याकाळी गेटवर वाटलं. कुणी हसलं नाही. सकाळच्याच मुलानं ते घेतलं, वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधल्या टेबलांवर ते ठेवलेलं दिसलं, आणि ते आम्ही ठेवलेलं नव्हतं. आतलेच लोक ठेकेदाराला विचारायला लागले. महिनाभरानं बरेचसे आचारी आत गेले. सगळे नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात सभा झाली. बाबा उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्या तीन ओळी वाचल्या. मग म्हणाले, "हे माझ्या मुलीनं लिहिलंय. आणि पहिल्यांदाच, बाईंना न दाखवता."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेत बसलेल्या बाईंकडे वळून पाहिलं. कुणीतरी गमतीनं विचारलं, "काय बाई, चूक आहे का काही?"

बाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "नाही. जागा बरोबर आहेत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. एवढाच माझा गुन्हा, आणि तो न बोलण्याचा असल्यामुळे कुणाच्याही लक्षात आला नाही.

त्या दिवसापासून बाबा 'बाईंना दाखव' म्हणायचे बंद झाले. संघटनेची कामं माझ्याकडे यायला लागली. मला प्रिंटर घेऊन दिला गेला, माझ्या तक्त्यातला पहिला. मी पुष्कळ लिहिलं. लोक मला लेखिका म्हणतात. त्यातलं एक वाक्यही कुणाला आठवत नाही, त्या तीन ओळी सोडून. मला आजही त्यांचा हेवा वाटतो. त्या माझ्याच नावावर आहेत, तरी वाटतो.

बाईंकडचं काम आटत गेलं. मी त्यांच्याकडे अधूनमधून जात राहिले, काय बघायला ते मलाही माहीत नाही. एकदा प्रिंटरवरच्या अभ्र्यावर धूळ दिसली आणि मला एक क्षण, फक्त एक क्षण, बरं वाटलं. हे लिहायला मला चार दिवस लागले. नंतर त्या ती जागा सोडून लोणी काळभोरला बहिणीकडे राहायला गेल्या.

गेल्या महिन्यात संघटनेनं निवडक पत्रकांचं पुस्तक काढलं. ते तीन ओळींचं पत्रक त्यात पहिल्याच पानावर आहे. पुस्तक हातात पडल्यावर मी लोणीला गेले. बाईंना सगळं बोलले. हेवा केला तेही सांगितलं. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या.

"पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालायला सांगते," मी म्हणाले.

"घालू नये. मी टाइप केलं."

"मग माझं काढू?"

"ते आपण ठरवायचं," त्या म्हणाल्या आणि टरफलं सुपात भरायला लागल्या.

परत येऊन मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "विहारात का नाही बोललीस?"

"तुम्ही खूश होतात."

"हो," ते म्हणाले. "होतो." एवढं बोलून ते आत गेले.

पुस्तक छापून झालं आहे, वाटूनही झालं आहे. ते परत गोळा करणं माझ्या हातात नाही, म्हणून हे तुमच्याकडे मागते. तुमच्याकडे ते असेल, तर पहिलं पान उघडा. तीन ओळींखाली माझं नाव आहे. पेन घ्या आणि त्यावर रेघ मारा. गिरगटून काळं करू नका, एकच सरळ रेघ मारा. खोडल्यानंतरही नाव वाचता आलं पाहिजे.